आईचा ताप, साखरेची सुई आणि मणक्यातला डाग

कृष्णाकाठ (धागालेखक)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतोय. घरात चार महिने आजारपण होतं. त्यातला एक भाग लिहून काढतो. त्या दिवसांत मी रात्र-रात्र जागून पेट स्कॅनबद्दल मराठीत काही मिळतंय का ते शोधत होतो, आणि जे मिळालं ते सगळं कॅन्सरचंच होतं.

आई ७१ वर्षांची, सांगलीजवळच्या आमच्या गावी असते. दोन म्हशी, चार शेळ्या, परसात शेवगा. आषाढात तिला ताप येऊ लागला. दिवसभर काही नाही. दिवेलागणीला अंग कोमट व्हायचं, रात्री इतका घाम की पोलकं बदलावं लागायचं, आणि सकाळी बाई पुन्हा चुलीपुढे हजर. ताप कधी ९९, कधी १०१. मध्येच आठवडाभर काहीच नाही, की परत सुरू. आधी पॅरासिटामोल, मग टायफॉइड समजून अँटिबायोटिक, मग मलेरिया, डेंग्यू, लघवी, रक्ताचं कल्चर, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, टूडी इको. सगळं नॉर्मल. सातव्या आठवड्यात वजन सहा किलोने उतरलेलं आणि ईएसआर (अंगात सूज-संसर्ग आहे का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नव्वदच्या वर.

मिरजेच्या फिजिशियननी सांगितलं, पुण्याला जाऊन पेट-सीटी करून घ्या. घरात चिडीचूप. आत्या तेवढी बोलली, "म्हणजे कॅन्सरच की रे."

डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत: ग्लुकोजसारख्या एका रेणूला किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेला असतो. त्याचं नाव एफडीजी. हे शिरेतून सोडतात. ज्या पेशी भुकेल्या, त्या ही साखर ओढून घेतात. आत गेल्यावर एक एन्झाइम तिला कुलूप घालतं. खरं ग्लुकोज पुढे पचतं, हिचं पचन तिथेच अडतं. म्हणजे साखर खाल्लेल्या पेशी तासाभरानेही साखरेसकट जागच्या जागी सापडतात. कॅन्सरच्या पेशी खादाड असतातच, पण जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही काही कमी नाहीत. त्या जिथे जमल्यात ती जागा चित्रात उठून दिसते.

स्कॅनचा दिवस. सकाळपासून आई उपाशी, फक्त पाणी. बोटातून साखर तपासली, १२८ निघाली. मग एका मुलाने इंजेक्शन आणलं. सिरिंज एका जाडजूड धातूच्या नळीत बसवलेली, वजन बघून आईला वाटलं घोड्याचं औषध आहे. टोचून झाल्यावर तिला अंधाऱ्या खोलीत ब्लँकेट घालून झोपवलं आणि बजावलं, तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल नाही. आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. पुटपुटत. तो मुलगा धावत आला, "आजी, ओठसुद्धा हलवू नका." आई नंतर मला म्हणाली, "आरं, रामाचं नाव घ्यायलाबी बंदी हाय का हितं?"

संध्याकाळी पडद्यावर चित्र दाखवलं. पांढऱ्यावर काळं. मेंदू काळा, मूत्राशय काळं, हे सगळ्यांचंच असतं म्हणे. आणि कमरेत एक डाग, तव्यावर चपाती जरा जास्त राहिली की पडतो तसा. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, एल-३ आणि एल-४ मणके व मधली चकती, एसयूव्ही (त्या जागेने साखर किती ओढली त्याचा आकडा) ११.४, शेजारच्या सोआस स्नायूत थोडा पू; जंतुसंसर्गाची शक्यता, बहुधा कॉक्स. कॉक्स म्हणजे टीबी हे तेव्हा कळलं.

कंबर तिची दुखतच होती. पण धार काढणाऱ्या सत्तरीतल्या बाईची कंबर दुखते याचं कुणाला नवल वाटणार? आम्हालाही नाही वाटलं, तीन डॉक्टरांनाही नाही.

जंतू नक्की कोणता हे कळायला अजून अठरा दिवस लागले. ते खाली लिहीन. तोवर जाणकारांना प्रश्न: स्कॅनमध्ये जंतू दिसतो की नाही? नसेल तर जंतूच दाखवेल अशी सुई निघाली आहे का?

पाटपाणी

वाचतोय. पुढचं लवकर टाका, असं टांगून ठेवू नका.

गामा

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. त्या मुलाच्या वतीने आईंची माफी मागतो, पण त्याचं बरोबर होतं. सुई दिल्यावर जो स्नायू काम करेल तो साखर खाईल. बोललं की स्वरयंत्राचे छोटे स्नायू पेटतात आणि गळ्यात दोन ठिपके उठतात. मग रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर विचारत बसतात, हे काय आहे? सुपारी चघळणाऱ्यांचे जबडे दिसतात. एकदा एक काका आदल्या दिवशीपर्यंत ऊसतोड करून आले होते. मांड्या आणि खांदे असे काळे की बाकीचं काही वाचताच येईना. परत बोलवावं लागलं.

ब्लँकेटही पाहुणचार म्हणून नसतं. थंडी वाजली की मानेभोवतीची तपकिरी चरबी उष्णता करायला साखर जाळते, आणि नेमक्या त्याच भागात गाठी शोधायच्या असतात.

मधुमेहींसाठी: साखर २०० च्या वर असेल तर आम्ही बहुतेक वेळा थांबवतो. रक्तातली साखर आणि आमची साखर एकाच दारातून आत जातात, गर्दी झाली की आमची बाहेर राहते. आयत्या वेळी इन्सुलिन घेऊन साखर उतरवून आलात तर सगळा डोस स्नायूंत जातो. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात, म्हणून ते आधी बंद करायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. मनाने बंद करू नका.

आणि कृपा करून वेळेवर या! या औषधाचं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. सकाळी ८ ला हातात १० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) असेल तर ९.५० ला ५ उरते, ११.४० ला अडीच. आपल्याकडे सायक्लोट्रॉन, म्हणजे हे किरणोत्सारी फ्लोरीन बनवणारी यंत्रं, मोजक्या ठिकाणी आहेत, बाकीच्या सेंटरांना डोस गाडीने येतो. एका पावसाळ्यात घाटात दरड आली आणि गाडी अडकली. सहा पेशंट उपाशी बसलेले, आणि इकडे आम्ही घड्याळाकडे बघत आकडेमोड करतोय की गाडी आली तरी किती जणांपुरतं उरेल. दोघांपुरतं उरलं. कुणाला ठेवायचं हे ठरवणं फार वाईट काम असतं.

कोनाडा

गामा, मस्त. यात मुंबईचा मान आहे हे सांगायचं राहिलं. परळला टाटा हॉस्पिटलच्या शेजारी बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट तिथेच २००२ मध्ये सुरू झालं. एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं १९७६ च्या ऑगस्टमध्ये, फिलाडेल्फियात, अब्बास अलावी यांच्या हातून. बनवलं होतं न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत. तिथून विमानाने आणलं. म्हणजे तुमच्या घाटातल्या गाडीची कुळकथा तेव्हापासूनची आहे.

चौकस काकू

किरणोत्सारी म्हटलं की मला धडकीच भरते. पुढच्या आठवड्यात यजमानांचा पेट आहे आणि घरात दोन वर्षांची नात आहे, त्यांना चिकटलेली असते. काय करू?

गामा

काकू, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नातीला मांडीवर घेऊ नये, एवढंच. घरात गरोदर कुणी असेल तर तिच्यापासूनही तेवढा वेळ लांब. पाणी भरपूर प्यायचं, लघवीवाटे बरंच निघून जातं, फ्लश दोनदा करायचा. अठरा-एकोणीस तासांत हजारातला एक भागही उरत नाही. १० मिलिक्युरीतून साधारण ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या किरणांचं माप) मिळतात, सीटीचे वेगळे. निसर्गातूनच जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिळतात. म्हणजे अगदीच नगण्य नाही, उगाच हौसेने करू नये. पण गरज असताना घाबरून टाळण्याइतकंही नाही. आणि यजमानांना आदल्या दिवशी श्रीखंडपुरी घालू नका.

चौकस काकू

अय्या, बरं झालं सांगितलंत. गुरुवारचा बेत तोच होता.

खडूस आजोबा

सगळं ठीक आहे, पण कंबर दुखतेय आणि ताप येतोय म्हटल्यावर मणक्याचा एमआरआय पहिल्याच महिन्यात व्हायला हवा होता. निम्म्या पैशात काम झालं असतं. हल्ली उठसूट पेट. किती बिल झालं?

कृष्णाकाठ

आजोबा, आम्हाला साडेचौदा हजार पडले. प्रवास वेगळा. एमआरआयबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि ते मला आजही खुपतं. एका ठिकाणी तर कंबर दुखते म्हटल्यावर "वयोमानाने" एवढंच लिहून कॅल्शियम दिलं होतं.

तिरफळ

फिजिशियन आहे, ताप हा रोजचा धंदा. आजोबांचं बरोबर आहे. दुखणारी जागा बोट ठेवून दाखवता येत असेल तर आधी तिथला एमआरआय. मणक्याच्या संसर्गात तोच पहिला. पेटचा खरा उपयोग बोट कुठे ठेवावं हेच कळत नसतं तेव्हा. अशा तापाची व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ मध्ये केली: ३८.३ सेल्सियसच्या, म्हणजे १०१ फॅरनहाइटच्या वर, तीन आठवडे, आणि आठवडाभर तपासूनही थांग नाही. अशा रुग्णांत साधारण निम्म्यांना पेट पुढची दिशा दाखवतो. उरलेल्यांत हात हलवत परत येतो, हेही आधीच सांगावं लागतं.

आता मूळ प्रश्न. पेटमध्ये जंतू दिसत नाही. मी पेशंटला असं सांगतो: लांबून एवढंच दिसतंय की एका दारात मांडव पडलाय. माणसं जमलीत, चुली पेटल्यात, साखरेची पोती उतरतायत. लग्न आहे की बारावं, ते आत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. टीबी, कॅन्सर, सार्कॉइड (जंतूशिवाय गाठी येणारा एक आजार), नुसती सूज, सगळ्यांचा मांडव लांबून सारखाच. आपल्या देशात तर हा घोळ रोजचा. छातीतल्या गाठी काळ्या दिसल्या की एक डॉक्टर लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) म्हणतो, दुसरा टीबी, आणि दोघांनाही शेवटी सुई घालून तुकडा काढावाच लागतो. एसयूव्हीचा आकडा मोठा म्हणजे कॅन्सर, छोटा म्हणजे संसर्ग, असं काहीही नसतं. लोक आकड्याला कवटाळून बसतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणखी एक. निदान व्हायच्या आधी ताप उतरवायला म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याची पद्धत आहे. त्याने माणसाला बरं वाटतं आणि मांडवातली माणसं पांगतात. मग स्कॅन कोरा येतो. स्टिरॉइडच्या आधी स्कॅन.

साखरभात

आमच्या सासऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांना पेट नाही केला. गुडघा बदलून चौदा महिने झाले होते, तरी दुखायचा, गरम लागायचा. सर्जनना प्रश्न असा की कृत्रिम सांधा नुसता सैल झालाय की आत जंतू शिरलाय? सैल असेल तर एका ऑपरेशनमध्ये भागतं. जंतू असेल तर काढा, मध्ये अँटिबायोटिकचं सिमेंट ठेवा, आठवडे थांबा, मग दुसरं.

आधी हाडांचा स्कॅन केला, टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचा. गुडघा लाल. पण सांधा बदलल्यावर वर्ष-दीड वर्ष तसा तो दिसूच शकतो म्हणे, म्हणजे कळलं काहीच नाही. मग त्यांचंच रक्त काढलं, पन्नास मिली, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, त्यांना टेक्नेशियम चिकटवलं आणि दोन-अडीच तासांनी त्याच पेशी परत शिरेत. मला हे इतकं भारी वाटलं! आपलेच शिपाई, फक्त पाठीवर कंदील बांधून परत पाठवलेले. तासाने फोटो, चार तासांनी फोटो, दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोटो. चार तासांपेक्षा चोवीस तासांनी डाग वाढलेला होता. म्हणजे पेशी तिथे जमतच चालल्या होत्या. जंतू निघाला.

परत देताना नाव तीन वेळा विचारलं, हातावरची पट्टी वाचली, सही घेतली. सासरे वैतागले, "मीच आहे हो, सकाळपासून दुसरं कोण बसलंय इथे?"

गामा

साखरभात, वैतागू द्या त्यांना. दुसऱ्याच्या पेशी चुकून याला गेल्या तर ते परक्याचं रक्त चढवल्यासारखं आहे. आमच्याकडे या स्कॅनच्या दिवशी एका वेळी एकाचंच रक्त टेबलावर असतं.

अशा केसमध्ये बऱ्याचदा जोडीला अस्थिमज्जेचाही स्कॅन करतात. पांढऱ्या पेशी मज्जेतही जाऊन बसतात, आणि सांधा बसवताना मज्जा इकडची तिकडे झालेली असते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची: पेशी दिसतात पण मज्जा नाही, तिथे जंतू. मधुमेह्यांच्या पायातही हीच अडचण. पाऊल सुजलंय, हाड मोडकळीस आलंय, पण ते नसा गेल्यामुळे की हाडात पू झाल्यामुळे? चुकलं तर पाय जातो. तिथे पांढऱ्या पेशींचा स्कॅन अजूनही उपयोगी पडतो, फक्त दिवस मोडतो आणि रक्त हाताळायला कसबी माणूस लागतो. म्हणून सगळीकडे होत नाही.

जाता जाता: धागालेखकांच्या आई धार काढतात ना, तशी आम्हीही काढतो. टेक्नेशियम आम्हाला मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून मिळतं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत असतं, त्याचं ६ तास. रोज सकाळी मिठाचं पाणी सोडून ते ओढून घ्यायचं, उद्यापर्यंत परत कास भरते. जगभर त्या डब्याला गाय म्हणतात आणि कामाला दूध काढणं. आठवड्याने आटते, मग नवी गाय.

कृष्णाकाठ

गामा, हे आईला वाचून दाखवलं. "चारा काय घालत्यात?" असं विचारतेय.

आता राहिलेली गोष्ट. पुण्यालाच सीटीखाली सुई घालून मणक्यातला तुकडा काढला. पॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे बारीक गोळे, निघाले. म्हणजे टीबीच की, असं सगळ्यांचं झालं, गोळ्यांची चिठ्ठीही तयार होती. पण टीबीचं सीबी-नॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आलं आणि ग्रॅन्युलोमात टीबीत असतो तसा कुजका भाग नव्हता. तिथल्या संसर्गतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला आणि आईला विचारलं, "आजी, घरी जनावरं आहेत का? एखादी गाभडली होती का?"

मी आईकडे बघतोय, आई माझ्याकडे. वैशाखात धाकटी म्हैस सातव्या महिन्यात गाभडली होती. वार पडेना. डॉक्टर यायला उशीर, म्हणून आईने स्वतः हात घालून ओढून काढली. हातमोजे कुठले, हाताला विळ्याचा काप होताच. आम्ही त्याची कुणाकडे वाच्यताही केली नव्हती, कारण सात आठवड्यांत कुणी विचारलंच नाही. आणि म्हशीचा ताप माणसाला लागतो हे आम्हाला तरी कुठे ठाऊक?

बाईंनी लगेच लॅबला फोन लावला. ब्रुसेला असण्याची शक्यता आहे, प्लेट उघड्यावर हाताळू नका, हा जंतू लॅबमधल्या माणसांनाच धरतो. रक्ताची अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट, म्हणजे ब्रुसेलाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, १:६४० आली, म्हणजे जोरदार पॉझिटिव्ह. तुकड्याच्या कल्चरमध्ये अकराव्या दिवशी जंतू उगवला. ब्रुसेलोसिस. आधीच्या रक्तकल्चरमध्ये तो का नाही आला? एक तर हा हळू वाढतो, आणि तोवर पोटात दोन अँटिबायोटिक जाऊन आली होती.

डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, किमान तीन महिने, सुरुवातीला जेंटामायसिनची इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी आईने हाक मारली, लघवी शेंदरी झाली होती. रिफाम्पिसिनने होते हे आम्हाला सांगितलं होतं, तिला सांगायचं आम्ही विसरलो.

तिरफळ

वा. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. "एखादी गाभडली होती का?" या प्रश्नाला एक पैसा लागत नाही.

ब्रुसेला आणि टीबी, दोघेही मणका खातात. ब्रुसेला जास्त करून कमरेत, टीबी जास्त करून पाठीत, पण यावर कुणी पैज लावू नये. पेटवर दोघेही काळे. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या तर त्यातल्या रिफाम्पिसिनने आईंना थोडं बरं वाटलंही असतं. मग निदान बरोबरच होतं असं सगळे म्हणाले असते, आणि काही महिन्यांनी ताप परत.

उंबराचं फूल

हे सगळं जर्सी आणि पिशवीच्या दुधाचं आहे. आमच्या घरी चार पिढ्या कच्चं, धारोष्ण दूध पितात, कुणाला काही झालं नाही.

खडूस आजोबा

झालं नाही की कळलं नाही? वरच्या बाई सात आठवडे "नॉर्मल" होत्या.

तिरफळ

उंबराचं फूल, माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना हाच ताप यायचा. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये झम्मित नावाच्या माल्टाच्याच डॉक्टरला तो शेळ्यांमध्ये सापडला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, आणि त्यांचं दूध दारोदार फिरून ताजं काढून दिलं जायचं. जर्सी नव्हत्या. दूध उकळा, विषय संपला.

उंबराचं फूल

ठीक. पण खरवस?

तिरफळ

वाफेवर नीट शिजलेला बिनधास्त खा. मलाही पाठवा.

बाल्टिमोरवासी

उशिरा आलो. जीवरसायनशास्त्रातला आहे, म्हणून "जंतूच दाखवेल अशी सुई" या प्रश्नावर थोडं.

प्रयत्न जुने आहेत. नव्वदच्या दशकात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात सिप्रोफ्लॉक्सासिनलाच टेक्नेशियम जोडलं. कल्पना सरळ होती, अँटिबायोटिक जंतूला चिकटतं, तर ते चमकवा. पण नुसत्या सुजेतही ते साचायला लागलं आणि उत्साह ओसरला. मग नेदरलँड्समधल्या लायडनहून युबिक्विसिडिन आलं. आपल्या शरीरातच असलेल्या एका जंतुनाशक प्रथिनाचा हा तुकडा. त्याच्यावर धन भार, जिवाणूच्या कवचावर ऋण भार, म्हणून चिकटतो. यावर आपल्या बीएआरसीनेही बरंच काम केलं आहे.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र इथे जॉन्स हॉपकिन्समधल्या संजय जैन यांच्या गटाची. एफडीजी घ्यायचं आणि एका पायरीत त्याचं सॉर्बिटॉल करायचं. सॉर्बिटॉल म्हणजे शुगर-फ्री गोळ्यांतला गोडवा. आपल्या पेशी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, पण ई. कोलाय, क्लेब्सिएला या कुळातले जिवाणू ते मिटक्या मारत खातात. २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं: एका मांडीत जिवंत जंतू, दुसरीत मेलेले. एफडीजीने दोन्ही मांड्या उजळल्या, सॉर्बिटॉलने फक्त जिवंत जंतूंची. नंतर रुग्णांमध्येही वापरून पाहिलं. तिरफळांच्या भाषेत, मांडव न बघता जेवणाऱ्यालाच पकडलं.

पण यातही मेख आहे. स्टॅफिलोकोकस ते खात नाही, टीबीचा जंतूही नाही. म्हणजे स्कॅन कोरा आला तर "जंतू नाही" असं म्हणता येत नाही, "या कुळातला दिसत नाही" एवढंच. शिवाय मणक्यातल्या त्या डागात जंतू मूठभर आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या पेशी पोतंभर असतात. पोतं लांबून दिसतं, मूठ दिसायला कठीण.

त्याच गटाने रिफाम्पिसिनला किरणोत्सारी कार्बन जोडून मेंदूच्या टीबीत ते औषध कितपत पोचतं तेही माणसांत मोजलं. अपेक्षेपेक्षा कमी पोचत होतं. त्या कार्बनचं अर्धायुष्य २० मिनिटं. गामांची घाटातली गाडी तिथे चालणारच नाही, सायक्लोट्रॉन खालच्या मजल्यावर लागतं.

साखरभात

मग पन्नास मिली रक्त काढण्याऐवजी शरीरातच पांढऱ्या पेशींना चिकटेल असं काही टोचता नाही का येत?

बाल्टिमोरवासी

येतं, अँटिबॉडी वापरून. त्यात एक ठेचही लागली आहे. न्यूट्रोस्पेक नावाचं असंच औषध इथे अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं, अपेंडिक्सला सूज आहे की नाही असा संशय असलेल्या पेशंटसाठी. काहींना टोचल्यावर लगेच श्वासाचा आणि हृदयाचा गंभीर त्रास झाला, मृत्यूही झाले. २००५ च्या डिसेंबरात विक्री थांबली. तुमच्या सासऱ्यांच्या स्वतःच्या पेशी, रक्त काढून का होईना, फार सभ्य होत्या.

कोनाडा

या सगळ्या "खूण लावून पाठव आणि माग काढ" प्रकाराचा मूळपुरुष जॉर्ज हेवेशी. मँचेस्टरला खाणावळीत राहायचा. मालकीण रविवारचं उरलेलं मटण आठवडाभर वेगवेगळ्या नावांनी वाढते असा त्याला संशय होता, ती साफ नाकारायची. एका रविवारी त्याने ताटात उरलेल्या तुकड्यांवर चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ टाकला, आणि काही दिवसांनी समोर आलेल्या नव्या पदार्थाजवळ उपकरण धरलं. सापडली बाई. १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, मटणासाठी नव्हे, पण कल्पना तीच.

पाटपाणी

सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये होतो तेव्हा हे माहीत असतं तर!

चौकस काकू

यजमानांचा स्कॅन झाला. तासभर गप्प बसले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रिपोर्ट सोमवारी.

खडूस आजोबा

कृष्णाकाठ, आई कशा आहेत आता? आणि परत स्कॅन करणार का?

कृष्णाकाठ

आजोबा, ताप पाचव्या दिवशी गेला. ईएसआर ९४ वरून ३० वर आलाय, वजन दोन किलोने भरलंय. पट्टा लावून चालते. परत पेट करायचा का म्हणून मीही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, बरं वाटतंय, रक्त सुधारतंय, तर चित्र बघून आपण वेगळं काय करणार? गोळ्या संपल्यावर दुखलं तर बघू. साडेचौदा हजार वाचले.

घरी पशुवैद्यकांना बोलावून सगळ्या जनावरांचं रक्त तपासलं. धाकटी म्हैस पॉझिटिव्ह निघाली, मोठी आणि शेळ्या नाहीत. धाकटीवर औषध नाही म्हणतात. तिला वेगळ्या छपरात बांधली आहे, गव्हाण वेगळी, बादली वेगळी. विकून टाक असं भाऊबंद सांगतात. पण ती दुसऱ्याच्या दावणीला बांधायची म्हणजे आपला ताप त्यांच्या घरी पाठवायचा, असं आईचं म्हणणं, आणि त्यावर मला उत्तर सुचत नाही. सरकारी योजनेत चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस फुकट मिळते, एकदाच द्यायची. मोठीची रेडी पाच महिन्यांची आहे, तिला मंगळवारी टोचली. कानात बिल्ला मारताना तिने अशी लाथ झाडली की कंपाउंडर शेणात बसला.

आईला अजून महिनाभर धार काढायला मनाई आहे. मी काढतो. म्हैस मला अर्धंच दूध देते. आई पलीकडे खाटेवर बसून रामरक्षा म्हणते, मोठ्याने.